पांढरीचा केर आणि पंचायतीचा कायदा

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत केरकचऱ्यावर आणि माजलेल्या झुडपांवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपला सगळा भाद्रपद झाडलोटीवरच उभा असतो. महालक्ष्म्या यायच्या म्हणजे घराचे कोपरे निघाले पाहिजेत. गणपती बसायचा म्हणजे मांडवाची जागा साफ झाली पाहिजे. विसर्जनानंतर निर्माल्याचे काय करायचे, हा प्रश्न दर वर्षी असतोच. शिवाय गेल्या काही वर्षांत गावाकडून येणाऱ्या फोनमध्ये एक विषय वारंवार निघू लागला आहे: आपली रिकामी जागा, तिच्यावर वाढलेले रान आणि त्याबद्दल पंचायतीचे म्हणणे.

बेला आणि आसपासची आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. या काळात राज्ये बदलली, कारभाराची भाषा बदलली, तालुक्याचे मंडल झाले. प्रत्येक सरकारने गाव स्वच्छ ठेवण्याचा आपला नियम आणला. त्या नियमांचा हा थोडक्यात इतिहास. तो सांगताना एक गोष्ट आम्हांला पुन्हा पुन्हा दिसली. ज्या केराला धनी होता तो कधी गावाला जड झाला नाही. जड झाला तो बेवारस केर आणि बेवारस जागा.

पांढरी, काळी आणि उकंडा

बेला हे आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वसलेले. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. पूर्वेच्या रस्त्याने गेले की कोरपना आणि पुढे राजुरा. जमीन काळी, कापसाची. आपल्या जुन्या बोलण्यात गावाचे दोन भाग असत. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीची माती पांढुरकी का होते, याचा विचार आपण क्वचित करतो. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि घरोघरचा केर शतकानुशतके एकाच जागी मुरत गेला, त्यातून ती माती तयार झाली. जुन्या गावांची ठिकाणे भोवतालच्या शेतांपेक्षा उंच दिसतात ती त्यामुळेच. ही पांढरीची माती खत म्हणून शेतात नेऊन टाकण्याची रीतही होती. गावाने टाकलेल्या वस्तूंवरच गाव उभे होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही.

रोजच्या केराची जागा म्हणजे उकिरडा. आपल्या बोलीत उकंडा. गोठ्यातले शेण, कडब्याची उष्टावळ, चुलीची राख, भाज्यांचे देठ, अंगण झाडून निघालेला पालापाचोळा हे सारे तिथे जायचे. कोणाचा उकंडा कुठे, हे गावाला पाठ असे. दुसऱ्याच्या उकंड्यातले टोपलेभर खत कोणी उचलले तर भांडण व्हायचे, कारण ती चोरीच होती. उन्हाळ्यात बैलगाड्या जुंपून ते खत शेतात पडे आणि उकंडा रिकामा होई. म्हणजे केर उचलण्याला वर्षाचे वेळापत्रक होते आणि ते पाळले नाही तर नुकसान घरधन्याचेच होते.

या व्यवस्थेला धार्मिक आचाराचेही पाठबळ होते. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा होते. दिवाळीत गोठ्यावर, विहिरीवर दिवा लागतो, तसा उकंड्यावरही लागतो. पाडव्याच्या पहाटे घरातला केर काढून, इडापिडा टळो म्हणत तो बाहेर नेऊन टाकण्याची रीत अनेक घरांत होती. उकिरड्याचेसुद्धा दैव बारा वर्षांनी पालटते, अशा अर्थाची म्हण आपल्या आज्या वापरत. ज्या वस्तूवर दिवा लावायचा, तिला नुसती घाण कोणी समजत नव्हते.

केर कोण उचलत होते

जुन्या गावाचे हे चित्र रम्य वाटते, पण ते अर्धेच आहे. घरातला केर घरच्या बाया काढत, गोठा सालगडी झाडत. पण गावात मेलेले ढोर ओढून नेणे, वेस आणि चावडी झाडणे ही कामे गावाने महार आणि मांग समाजांवर जन्माने लादलेली होती. मोबदला म्हणून बलुते, म्हणजे सुगीतला धान्याचा वाटा. तोही हक्काने कमी आणि मेहेरबानीने जास्त. गाव स्वच्छ राहायचे, पण ज्यांच्या हातांनी ते स्वच्छ राहायचे त्यांची वस्ती वेशीबाहेर होती. पांढरीच्या स्वच्छतेचा अभिमान सांगताना ही बाजू गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ही रीत मोडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ कारण झाली. मेलेली ढोरे ओढू नका, असे त्यांनी आपल्या समाजाला निक्षून सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला. चंद्रपूर म्हणजे बेल्याच्या माणसाला नात्यागोत्याचे, बाजाराचे गाव. त्यानंतर अनेक ठिकाणी या समाजाने ही कामे सोडली. ते योग्यच झाले. मात्र हे काम आता कोणी करायचे, या प्रश्नाला उरलेल्या गावाने बरीच वर्षे उत्तर दिले नाही. पंचायत बघेल, असे म्हणून तो पुढे ढकलला गेला.

नदीच्या दोन काठांचे कायदे

पंचायत म्हणजे कोणती, हाही आपल्याकडे साधा प्रश्न नव्हता. १९०५ मध्ये आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. कारभाराची भाषा उर्दू, वर्ष फसली. नदीपलीकडचा वऱ्हाड नावाला निजामाचा, पण १८५३ पासून ताब्यात इंग्रजांच्या. म्हणजे एकाच घराण्यातल्या दोन भावांची घरे पैनगंगेच्या दोन काठांवर असली, तर ते दोन वेगळ्या अमलांखाली नांदत.

इंग्रजी मुलखात स्वच्छतेचे लेखी नियम लवकर आले. मुंबई इलाख्यात १८८९ मध्येच खेड्यांच्या स्वच्छतेसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. पण लोकांच्या मनात स्वच्छतेचा कायदा ठसला तो प्लेगमुळे. १८९६ च्या अखेरीस मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामान बाहेर काढून जाळले गेले. त्या रागातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. आरोग्याचा नियम रास्त असला, तरी तो माणसांना बरोबर न घेता, परक्या भाषेत आणि दांडगाईने आला, तर लोक नियमाचेच शत्रू होतात, हा धडा त्या वर्षाने दिला.

आपल्या बाजूला, निजामी अमलात, खेड्याचा केर हा पाटील-पटवाऱ्यांच्या नजरेचा आणि गावकीच्या रिवाजाचा विषय राहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि खेडोपाडी डीडीटीचे पंप पोचू लागले. केर, डबकी आणि डास यांचा संबंध सरकारी माणसाने दारात येऊन सांगावा, हा खेड्यांना नवा अनुभव होता.

मग आले १९५६. हैदराबाद राज्याने त्या वर्षी आपला ग्रामपंचायत कायदा केला, आणि १ नोव्हेंबरला ते राज्यच उरले नाही. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बेला आंध्र प्रदेशात राहिले. पुढे राजुरा-किनवटला १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा लागू झाला, आपल्याला १९६४ चा आंध्र प्रदेश ग्रामपंचायत कायदा. माहेर राजुऱ्याकडे आणि सासर बेल्यात, अशा बाईला एकाच कामासाठी दोन राज्यांच्या पंचायती भेटू लागल्या.

आंध्रच्या कायद्याची एक गंमत आहे. १९९४ च्या आंध्र प्रदेश पंचायत राज कायद्यात पंचायतीच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे. तिच्यात एका कलमात रस्ते झाडणे, उकिरडे हटवणे, माजलेले रान आणि निवडुंग काढणे, वापरात नसलेल्या विहिरी व घाणीचे खड्डे बुजवणे अशी कामे ओळीने दिली आहेत. निवडुंगाचे नाव पाहून आपल्याकडचा माणूस चक्रावतो. हे कलम मुळात मद्रासच्या पंचायत कायद्यातले. मद्रासकडे फड्या निवडुंगाने एके काळी गावेच्या गावे वेढली होती. १९२६ च्या सुमारास कोचिनील जातीचा कीटक सोडल्यावर तो आटोक्यात आला. निवडुंग गेला, पण कायद्यातला त्याचा उल्लेख आंध्रमार्गे आपल्या कापसाच्या मुलखापर्यंत येऊन पोचला.

तरी त्या कलमात एक शहाणपण होते. उकिरडा, माजलेले रान आणि पडकी विहीर या तीन गोष्टी त्याने एकाच दावणीला बांधल्या. ते बरोबरच होते. गावात पाहा: जिथे रान माजते तिथेच लोक केर फेकतात, आणि जिथे केर पडतो तिकडे कोणी फिरकत नाही म्हणून रान आणखी माजते.

उकंडा का बिघडला

कायदा असूनही १९६४ ते २०१८ या काळात आपल्या गावांत फारसे काही हलले नाही. पंचायतीकडे पैसे नव्हते, माणसे नव्हती. १९८४-८५ मध्ये पाटील-पटवारी गेले, तालुक्यांच्या जागी मंडले आली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आरोग्य व स्वच्छता हा विषय पंचायतींकडे सोपवला. कागद वाढले. पण याच काळात गावातला केरच बदलत होता.

आधी रासायनिक खत आले, त्यामुळे शेणखतावाचून अडेनासे झाले. मग ट्रॅक्टर आला आणि गोठ्यातली बैलजोडी गेली. पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरे वाढली. शेणच नाही तर उकंड्यात राहिले काय? त्याच सुमारास प्लॅस्टिकची पिशवी, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या घरात आल्या. पूर्वीचा उकंडा जसाच्या तसा शेतात पडत असे. आता तो शेतात टाकला तर नांगराच्या फाळाला पिशव्या गुंडाळतात. खताची ठेव होती तिचे ओझे झाले. घराने तिच्यावरचा हक्क सोडला, आणि हक्क सुटला तशी जबाबदारीही सुटली.

कापसाच्या मुलखात एक भर आणखी पडली, ती औषधांच्या बाटल्यांची. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या बांधावर, नाल्यात, नाही तर घराच्या मागे पडतात. फवारणीचे विष काय करू शकते हे २०१७ मध्ये नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात दिसले. तिथे फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. ज्या बाटलीतल्या औषधाने माणूस मरतो, ती बाटली भाज्यांच्या देठांबरोबर एकाच टोपल्यात जाऊ नये, हे समजायला नियमाची गरज नसावी.

रानही बदलले. पूर्वी पडीक जागेत तरोटा, रुई, एरंड उगवत. तरोट्याचा कोवळा पाला आषाढात भाजीला चालतो. आता त्या जागी गाजरगवत दिसते. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आयात धान्याबरोबर ते आपल्याकडे आले असे मानतात, आणि पुण्यात त्याची नोंद झाली ती १९५५-५६ च्या सुमारास. म्हणजे राज्यांच्या सीमा आखल्या जात असताना हे गवतही पाय पसरत होते, आणि ते कोणत्याही सीमेला थांबले नाही. एका झाडाला हजारो बिया धरतात. अंगाला लागले तर खाज, परागकणांनी दमा. ते जनावरही खात नाही. त्याच्या जोडीला वेडी बाभूळ. तेलुगूत माजलेल्या झुडपांना ‘पिच्चि मोक्कलु’ म्हणतात, म्हणजे वेडी झाडे. वेडी बाभूळ म्हणणाऱ्या मराठी माणसाला पंचायतीच्या तेलुगू फलकावरचा हा एक शब्द तरी समजावून सांगावा लागत नाही.

स्पर्धा आणि सक्ती

गाव स्वच्छ करण्याचा विचार आपल्याला सरकारआधी संतांनी दिला, हे विसरता येत नाही. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. ते वर्ष या इतिहासात असे पुन्हा पुन्हा येते. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ ची. तिच्यात ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत. ज्या घरांत ती वाचली जाते, त्यांना पंचायतीच्या नियमात नवे काही सापडणार नाही.

महाराष्ट्राने हाच धागा पकडून २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. वाट स्पर्धेची होती: गावाने श्रमदान करायचे, तपासणी व्हायची, बक्षीस मिळायचे. अनेक गावे तेव्हा खरोखर पालटली. पण तपासणी होऊन गेल्यावर खराटा कोपऱ्यात गेला, अशीही गावे होती.

तेलंगणाने सक्तीची आणि साधनांची वाट धरली. २ जून २०१४ ला राज्य झाले, आणि २०१८ मध्ये नवा पंचायत राज कायदा आला. त्याने तांडे, गुडे, वाड्या यांच्या मिळून चार हजारांहून अधिक नव्या ग्रामपंचायती केल्या. गोंड गुड्यांच्या आणि लंबाडा तांड्यांच्या आदिलाबाद जिल्ह्यात हा बदल मोठाच होता. प्रत्येक पंचायतीला सचिव मिळाला. स्वच्छतेत कसूर केली तर सरपंच आणि सचिव यांच्यावर कारवाई होऊ शकते, असे कायद्यात आले.

६ सप्टेंबर २०१९ ला ‘पल्ले प्रगती’ची तीस दिवसांची पहिली मोहीम सुरू झाली. त्या दिवशी आपल्या घरांत महालक्ष्म्यांचे पूजन होते. पुढे २०२० ते २०२२ मध्ये तिचे आणखी टप्पे झाले. रस्त्याकडेची झुडपे तोडणे, पडके बांधकाम पाडणे, मलबा उचलणे, बिनवापराच्या विहिरी आणि कूपनलिका बुजवणे ही कामे यादीत होती. खाजगी जागेत रान माजले असेल तर मालकाला सांगायचे. त्याने काढले नाही तर पंचायतीने काढून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, असा नियम. पंचायतींना ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पाण्याचा टँकर मिळाला. कचरा वेगळा करण्याची शेड, रोपवाटिका आणि ‘वैकुंठधाम’ नावाची स्मशानभूमी हाती घेतली गेली. ‘तडि चेत्ता’ म्हणजे ओला कचरा आणि ‘पोडि चेत्ता’ म्हणजे सुका, हे दोन तेलुगू शब्द आपल्या घरांतल्या मराठी शाळेच्या पोरांनीही उचलले.

या मोहिमेने गावे पालटली, हे मान्य केलेच पाहिजे. खेड्यात दारावर कचरा न्यायला गाडी येईल, असे आपल्या आजोबांना सांगितले असते तर ते हसले असते. पण सक्तीच्या वाटेचीही एक मर्यादा आहे: सारे काही वरून येणाऱ्या पैशावर चालते. २०१९ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला संपली आणि कारभार विशेष अधिकाऱ्यांकडे गेला. त्या काळात निवडून आलेला सरपंच नव्हता, निधी वेळेवर नव्हता, मग ट्रॅक्टरच्या डिझेलची सुद्धा पंचाईत झाली.

आणि ट्रॅक्टरमागे चालणारा माणूस? पंचायतीच्या सफाई कामगारांचे मासिक मानधन २०१९ पासून ८,५०० रुपये होते, मे २०२३ पासून ९,५०० झाले. त्या वर्षीच्या जुलैत राज्यभरातील पंचायत कामगार संपावर गेले, तेव्हा गावोगाव ढीग साचले. बलुत्याची जागा मानधनाने घेतली, पण हे काम करणारी माणसे बहुतेक करून आजही त्याच वस्त्यांतून येतात, हे डोळ्यांनी दिसते. आपण ओले-सुके वेगळे न करता टोपले त्यांच्यापुढे ओततो, काचा आणि औषधाच्या बाटल्या त्यातच टाकतो, तेव्हा १९५६ मध्ये मोडलेली रीत आपणच दुसऱ्या दाराने परत आणतो.

पडीक वाडे

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा इतिहास सांगितला, तिच्याकडे येतो. दारावरच्या कचऱ्याचा प्रश्न गाडीने बराचसा सोडवला. माजलेल्या जागांचा सोडवला नाही, आणि त्याचे कारण पंचायतीत शोधण्याआधी आपल्या घराण्यांत शोधायला हवे.

आपल्यातले पुष्कळ जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी आदिलाबादला, नागपूरला, हैदराबादला गेले. काही परदेशी गेले. शेती बटईने दिली, तिचा हिशोब दर वर्षी होतो. गावातला वाडा मात्र तसाच राहिला. आधी एका खोलीला कुलूप, मग सगळ्या घराला. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, दुसऱ्या वर्षी माळवद खाली आले. सागवानी खांब कोणी तरी विकले, कोणी विकले यावरून भावाभावांत अबोला झाला. आता तिथे गाजरगवत आहे, वेडी बाभूळ आहे आणि शेजाऱ्यांनी फेकलेल्या पिशव्या आहेत. आतल्या आडात पाणी सडते, डास होतात. साप निघतो तो आपल्या जागेतून आणि जातो शेजारच्या घरात, जिथे लहान मुले आहेत.

अशा जागेला नियम लागू कसा करायचा? गावठाणातल्या जागेला, जिला तेलुगूत ग्रामकंठम म्हणतात, शेतासारखा उतारा नसतो. पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीतले नाव हाच काय तो दाखला, आणि ते नाव कित्येकदा आजोबांचे असते, वारून तीस-चाळीस वर्षे झालेल्या आजोबांचे. नोटीस त्यांच्या नावाने निघते. ती दाराला चिकटवायची तर दार पडलेले असते. वारस पाच गावांत बारा जण. प्रत्येकाला वाटते, साफ करायचा खर्च मी एकट्याने का करावा? आणि मी केला तर बाकीचे म्हणतील, याचा जागेवर डोळा आहे. या भीतीमुळे कोणीच हात लावत नाही. कायदा मालकाला शोधत येतो आणि त्याला मालकच सापडत नाही.

म्हणून आम्हांला वाटते की बेल्यासारख्या गावात माजलेले रान हा पंचायतीइतकाच वाटणीचा प्रश्न आहे. उकंडा स्वच्छ राहत होता कारण तो कोणाचा हे गावाला पाठ होते. पडीक वाडा कोणाचा, हेही गावाला पाठ आहे. आपणच ते मोठ्याने म्हणत नाही.

यंदापासून काय करता येईल

पुढच्या गोष्टी कठीण नाहीत. गणपतीला बहुतेक घरांतली माणसे एकत्र येतात. आरती झाल्यावर अर्धा तास बसून गावातल्या जागेबद्दल बोलावे. वाटणीचा निकाल त्याच दिवशी लागला पाहिजे असे नाही. पंचायतीच्या वहीत हयात असलेल्या एकाचे नाव आणि फोन नंबर असावा, आणि त्याने केवळ देखभालीसाठी नाव दिले आहे, हे भावंडांनी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. म्हणजे जागेवर डोळा असल्याचा संशय राहत नाही. साफसफाईच्या खर्चाचे वाटे करावेत. माणशी ती रक्कम किरकोळ असते.

वर्षातून दोनदा जागा साफ करावी: पहिल्या पावसानंतर रान उगवताना, आणि पोळ्याच्या आत. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटले तरच उपयोग. बी पडल्यावर कापणे म्हणजे पेरणी करणे. ज्या मजुराला हे काम सांगू, त्याला हातमोजे द्यावेत. आड वापरात नसेल तर बुजवावा, बुजवायचा नसेल तर त्याला जाळी बसवावी. भिंत पडायला आली असेल तर आपणच उतरवून घ्यावी, ती शेजाऱ्याच्या अंगावर पडण्याची वाट पाहू नये. ज्यांना जागेचा उपयोग नाही त्यांनी ती शेजाऱ्याला परसबागेसाठी, लेखी मुदत घालून, वापरायला द्यावी. जिथे भेंडी-वांगी लागतात तिथे कोणी कचरा फेकत नाही.

गावात राहणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. औषधाच्या बाटल्या, काचा आणि ब्लेड वेगळे बांधून, काय आहे ते सांगून गाडीवाल्याच्या हाती द्यावे. आणि तो दारात आला की त्याला नावाने हाक मारून, दिवाळीला घरच्या माणसासारखा फराळ द्यावा. त्याच्या मानधनाचा प्रश्न ग्रामसभेत निघेल तेव्हा आपल्यातल्याच कोणी तरी उठून त्याच्या बाजूने बोलावे. ग्रामसभा तेलुगूत चालते म्हणून आपण मागे बसतो. मराठीत बोललेले बेल्यात कोणाला कळत नाही असे नाही.

निर्माल्याचे उत्तर तर आपल्या आज्यांनीच देऊन ठेवले आहे. हार, दूर्वा, पत्री, केळीचे खांब यांतली सुतळी, जरी आणि थर्माकोल काढून टाकले की उरते ते निखळ खत. परसात हातभर खड्डा केला तर पुढच्या पोळ्यापर्यंत त्याची माती होते. या वर्षी विसर्जनानंतर आपल्या मंडपाचे निर्माल्य नदीत न टाकता असेच मातीत घालावे, अशी आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. आणि ज्या घरांच्या जागा गावात पडून आहेत, त्यांनी दसऱ्याच्या आत एकदा बेल्याला जाऊन, आपली जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.